परतीचं तिकीट



ऐन एप्रिलमध्ये विठ्ठलवाडीत सुट्टी या विषयावर व्याख्यान ठेवणं हे धाडस आहे. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं होतं की ज्यांना हे ऐकवायचं ते तेव्हा सिमल्याला असतील. तरी तुम्ही आलात. म्हणजे एकतर तुमची टूर पुढच्या आठवड्यात आहे, किंवा रद्द झाली आहे. ज्यांची रद्द झाली आहे त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. ज्यांची पुढच्या आठवड्यात आहे त्यांना विनंती, की माझं बोलणं शेवटपर्यंत ऐका आणि मग बॅगा भरा. मी कुणाला जाऊ नका म्हणायला आलेलो नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना आठ बाराची लोकल पकडायची आहे ते मोकळे. सुट्टीत कुठे जायचं हे आपण घरात महिनाभर चघळतो. परत कसं यायचं हे कुणी विचारत नाही. आजच्या दिवसांत आधी तो प्रश्न विचारावा, एवढंच माझं म्हणणं. आता विस्तार.

आधी आपल्याबद्दल बोलू. आपण प्रवासाला नवखी माणसं नाही. कल्याण मुंबईपासून ५४ किलोमीटर, आणि आपण त्याच्याही पुढे. फोर्टात नोकरी असलेला माणूस दिवसाला शंभरावर किलोमीटर जातो-येतो. रविवार, सणवार, आजारपण वजा करा, तरी वर्षाला तीस हजार किलोमीटर सहज होतात. पृथ्वीचा घेर चाळीस हजार. म्हणजे आपला माणूस दर वर्षी पृथ्वीची पाऊण प्रदक्षिणा करतो, तीही बहुतेक उभ्याने, आणि पासाच्या पैशात! आणि सुट्टी लागली की हाच माणूस म्हणतो, ‘जरा बाहेर पडू म्हणतो.’ अरे बाबा, तू आत होतास कधी?

हा विनोद मी नेहमी करतो, पण त्याच्यामागे एक काळी बाजू आहे. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. काही जिवाला मुकली. ती कुठल्याही सहलीला निघाली नव्हती. तेव्हा लांब गेलं की धोका आणि जवळ राहिलं की सुखरूप, असला सोपा हिशेब निदान आपल्या लाइनीवर तरी कुणी मांडू नये. मीही मांडणार नाही.

मग मी मांडणार काय? मी परतण्याबद्दल बोलणार आहे.

आपल्याकडे लांबचा प्रवास म्हणजे काशीयात्रा होती. निघण्याआधी माणूस देणीघेणी मिटवायचा, चार लोकांच्या पाया पडायचा. परत आला की मावंदं घालायचं. गावजेवण! आनंद परतल्याचा असायचा. गेल्याचा सोहळा कुणी करत नसे, कारण जाणं आपल्या हातात असतं. आज आपण काय करतो? विमानतळावर आत शिरताना फोटो टाकतो. आणि परत आल्यावर? परत आल्यावर मशीनला कपडे टाकतो.

अशाच एका परतण्याची गोष्ट सांगतो. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरात कर्ज होतं, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल, असं कानावर आलं होतं. हिशेब अगदी सरळ होता. चार पैसे मिळवायचे, कर्ज फेडायचं. महूच्या आसपास त्यांना कळलं की पुढे बंड होणार आहे. ते फिरले का मागे? नाही. त्यानंतरचं आपण सगळ्यांनी वाचलं आहे. झाशीचा वेढा, कत्तल, पुन्हा पुन्हा लुटलं जाणं. मिळवलेलं द्रव्य हातचं गेलं. शेवटी ते घरी पोचले ते गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक त्यांनी लिहावं म्हणून आग्रह धरला तो चिंतामणराव वैद्यांनी, आणि ते १९०७ साली छापलं तेही वैद्यांनीच. हे वैद्य १८६१ साली जन्मले आपल्या कल्याणात. पाहा, अनिश्चित काळातला लांबचा प्रवास या विषयावरचं मराठीतलं सगळ्यात मोठं पुस्तक कल्याणच्या माणसामुळे आपल्या हाती आलं आहे, आणि आपण मात्र पर्यटनावर बोलायचं झालं की स्वित्झर्लंडपासून सुरुवात करतो.

आता तुम्ही म्हणाल, ते दिवस वेगळे. खरं आहे. १६ एप्रिल १८५३ला गाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट ओलांडून झाला. आणि मग परतण्यातली काळजी हळूहळू गळून पडली. पुढे टूर कंपन्या आल्या. १९८४ साली केसरी पाटलांनी कंपनी काढली. मराठी मध्यमवर्गाला परदेशात नेऊन तिथे वरणभात वाढण्याची कल्पना ज्यांनी घराघरात पोचवली त्यांची थट्टा खूप झाली. मी करणार नाही. परतीची तारीख, विमानाचा नंबर, घरी पोचण्याची वेळ, सगळं निघण्याआधी कागदावर छापून देणारी ही पिढी. कधी न गेलेल्या माणसाला धीर आला तो त्या छापील वेळेमुळे. पण त्याच कागदाने आपल्याला विसरायला लावलं की परतणं हा कधीकाळी प्रश्न होता.

आठवण कशी झाली? एप्रिल २०१०मध्ये आइसलंडात एक ज्वालामुखी फुटला आणि युरोपातली विमानं कित्येक दिवस जमिनीवर राहिली. आपण ते मजेत वाचलं. मग मार्च २०२० आला. तेव्हा कुणी वाचत बसलं नाही. मुलांना परदेशातून आणायला सरकारला ‘वंदे भारत’ नावाची मोहीम काढावी लागली. इकडे लोकल बंद. ठाकुर्लीहून कल्याणला जायची सोय नाही तिथे कॅनडाची काय कथा? मे २०२५मध्ये उत्तरेतले आणि पश्चिमेतले ३२ विमानतळ काही दिवस बंद होते. ऑगस्टमध्ये उत्तरकाशीतल्या धरालीवर पाण्याचा लोंढा आला, महाराष्ट्रातले कितीतरी यात्रेकरू वर अडकले. पुढच्या महिन्यात काठमांडूत दंगल, तिथलाही विमानतळ बंद. दर वेळी बातमीचा मथळा एकच: पर्यटक अडकले. ‘पोचले नाहीत’ असा मथळा कधी वाचलात? लोक पोचतात. अडकतात ते परतताना.

आणि २२ एप्रिल २०२५. पहलगाम. २६ माणसं मारली गेली, त्यातले तिघे आपल्या शेजारच्या डोंबिवलीचे. डोंबिवलीतल्या त्या अंत्यदर्शनाच्या गर्दीत तुमच्यापैकी काही जण उभे होते, हे मला माहीत आहे. त्या दिवसानंतर आठवडाभर मी लोकलमध्ये एक वाक्य ऐकत होतो: ‘कशाला जायचं एवढ्या लांब?’ मला ते वाक्य निर्दय वाटलं. कुटुंबाला घेऊन हिरवळीवर जाणं हा अपराध नाही. ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांचा तो अपराध. ती दुःखं माझ्या मुद्द्याला पुरावा म्हणून मी वापरणार नाही, आणि इथे याहून जास्त बोलणार नाही.

मग अनिश्चितता म्हणजे नक्की कुठे आहे? माझ्या मते ती आगाऊ भरलेल्या पैशात आहे. जरा पाहा. डिसेंबरच्या टूरचे पैसे आपण जूनमध्ये भरतो. हप्त्यावर भरतो. म्हणजे सहा महिन्यांनी आपली नोकरी असेल, आईचा गुडघा चालता असेल, तिकडचा डोंगर जागेवर असेल, दोन देशांचं बरं चाललेलं असेल, डॉलर फार वर गेलेला नसेल, अशा पाच-सहा गोष्टींवर आपण पैज लावलेली असते. आणि त्यातली एक जरी डगमगली तरी आपण काय म्हणतो? ‘पैसे भरलेत, आता जायलाच हवं.’ आजारी माणसाला घेऊन लोक निघतात. इशारा आलेला असताना निघतात. सुट्टीचा मालक कोण राहिला? आपण की पावती?

याउलट टिटवाळ्याला जायचं आहे असं समजा. सकाळी पाऊस दिसला, राहिलं. पुढच्या मंगळवारी. काय बुडालं? भिजवलेली उसळ घरी खाल्ली. मी साध्या सुट्टीचं कौतुक करतो ते ती स्वस्त आहे म्हणून नाही, आणि ती संस्कारी आहे म्हणून तर मुळीच नाही. ती सकाळी ठरवता येते आणि सकाळीच मोडता येते, म्हणून. आणि गेल्यावर गाडी बंद पडली तर? रिक्षा आहे. रिक्षा नसेल तर ओळखीचं कुणीतरी आहे. तेही नसेल तर दोन पाय आहेत.

२६ जुलै २०१९ची रात्र आठवा. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात उभी राहिली. सुमारे १,०५० प्रवासी. इथून फार लांब नाही. चारी बाजूंना उल्हास नदी, रात्रभर तसेच, आणि दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या होड्या आल्या, हेलिकॉप्टर आलं, तेव्हा कुठे दुपारी सगळे बाहेर निघाले. त्यात गरोदर बायका होत्या, तान्ही मुलं होती. सगळे वाचले. का वाचले? यंत्रणा आली म्हणून, आणि आसपासच्या गावांतली माणसंही आली म्हणून. कुठल्या वाटेने जायचं, कुठे पाणी छातीएवढं आहे, हे त्यांना माहीत होतं. जवळच्या प्रवासात हीच गोष्ट वेगळी असते. धोका असतोच, पण त्या धोक्याची माहिती असलेला माणूस हाकेच्या अंतरावर असतो.

असतो का? इथे मला थांबलं पाहिजे. कारण ३० जून २०२४ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ला मावळातल्या कुंडमळ्याचा जुना पूल माणसांच्या भाराने कोसळला. ही दोन्ही ठिकाणं जवळचीच, रविवारचीच. दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर जाण्याला बंदी घालतात आणि दर पावसाळ्यात भिवपुरीला उतरणारी पोरं ती मोडतात. का? कारण जवळचं ठिकाण आता ओळखीचं राहिलेलं नाही. आपण तिथे वर्षातून एकदा, मोबाइलवर बघून जातो. स्थानिक माणूस ‘वरून पाणी येतंय, निघा’ म्हणतो, तर आपण त्याला विचारतो, तुम्ही कोण? अंतराने जवळ असलेली जागा आपल्यासाठी काठमांडूइतकी परकी झालेली आहे.

आता साध्या सुट्टीच्या दुसऱ्या बाजूकडे येतो, आणि इथे पुरुष श्रोत्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं. माझ्या वयाची माणसं ‘आमच्या वेळची मे महिन्याची सुट्टी’ म्हणून जे काही लिहितात, त्यात आंबे असतात, फणस असतात, विहिरीत पोहणं असतं, रात्री अंगणात गाद्या असतात. त्या गाद्या कोण घालत होतं? पंधरा पोरं आणि आठ मोठी माणसं, त्यांचा सकाळचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, आणि वर दुपारच्या उन्हात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड. माझ्या मामीला आम्ही सुट्टीत बसलेली पाहिलीच नाही. पाट मांडून ती कुरडयांचा सोऱ्या दाबायची. गव्हाचा चीक गरम असताना दाबावा लागतो, गार झाला की तुटतो. तळहात लाल व्हायचे. आम्ही पोरं चीक खायला मागायचो, ती वाटीत द्यायची, वर जराशी साखर. आम्हाला ती सुट्टी. तिला तो हंगाम.

मग तिच्या सुनेने टूर बुक केली, आयतं ताट समोर आलं, दहा दिवस ओट्याचं तोंड पाहिलं नाही, तर तिला आपण साधेपणावर व्याख्यान द्यायचं? कुठल्या तोंडाने? साध्या सुट्टीचा गोडवा गाणाऱ्याने आधी हे कबूल केलं पाहिजे की तो साधेपणा बायकांच्या कष्टावर उभा होता. तो पुन्हा आणायचा असेल तर कष्टांची वाटणी नव्याने व्हायला हवी. सहलीचा डबा कोण करणार हे आधी ठरवा, मग ठिकाण ठरवा. नाहीतर वडापाव घ्या. वडापावने कुणाचंही वाईट केलेलं नाही.

आपल्या परंपरेत एक शहाणपण होतं, ते आपण सुट्टीला लावलं नाही. पंढरपूर लांब, सगळ्यांना जमत नाही. मग काय केलं? वडाळ्याचं विठ्ठल मंदिर प्रतिपंढरपूर झालं. आषाढीला तिथे रांग लागते, आणि रांगेतल्या कुणालाही आपण कमी प्रतीचं दर्शन घेतोय असं वाटत नाही. २०२०मध्ये तर खुद्द पालख्या पायी निघू शकल्या नाहीत, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांनी घरीच हरिपाठ म्हटला. वारी बुडाली असं फारसं कुणी म्हटलं नाही. ज्या समाजाला देवाच्या बाबतीत हे जमतं, त्याला थंड हवेच्या बाबतीत का जमू नये? मनाली नाही तर माथेरान. ठाण्याच्या मॅलेट नावाच्या कलेक्टराने १८५० साली ते हेरलं, १९०७ साली तिथे छोटी गाडी गेली, आणि मोटारींना अजून वर मज्जाव आहे. नेरळ आपल्याच लाइनीवर. २०१९च्या पावसात तो मार्ग वाहून गेला, तीन वर्षं नेरळहून गाडी नव्हती. तेव्हा लोक पायी गेले, घोड्यावर गेले, आणि आलेसुद्धा!

पण इथे माझ्या मुद्द्याला एक अडचण आहे, आणि ती इथल्या माणसांसमोर लपवून चालणार नाही. जवळ जा म्हणतोय, पण जवळ आहे काय?

दोन स्टेशनं पुढे अंबरनाथ. तिथलं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे १०६० सालचं. शिलाहार मामवाणीच्या काळात ते पुरं झालं. तुमच्यापैकी कितीजणांनी ते नीट पाहिलंय? महाशिवरात्रीच्या रेट्यात नव्हे, एरवी. एकदा सकाळी आठला जा. बाहेरच्या भिंतीवर दगडाचा हातभर तुकडा कोरा सापडत नाही. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, दगड ओलसर, पाय जपून ठेवावा लागतो. आणि खाली पोचून वर पाहिलं तर छप्पर नाही, थेट आकाश. मी ज्यांना ज्यांना नेलं ते सगळे तिथे मान वर करून उभे राहिले. हंपी पाहून आलेले सुद्धा.

आणि मग ती माणसं बाहेर येतात आणि नाकाला रुमाल लावतात. कारण बाजूला वालधुनी आहे. ही नदी अंबरनाथवरून उल्हासनगरातून आपल्या विठ्ठलवाडीच्या अंगाने कल्याणला जाते. तिला नदी म्हटलं की आजची मुलं हसतात. २०१४च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात रात्रीच्या वेळी कुणीतरी तिच्यात रसायन सोडलं आणि शेकडो माणसं श्वास कोंडून दवाखान्यात गेली. ज्या नदीच्या काठावर हजार वर्षांपूर्वी राजाला देऊळ बांधावंसं वाटलं, तिच्या काठावर आज आपण डबा उघडू शकत नाही. मग लोक पैसे भरून ब्यास नदी बघायला जातात. दोष त्यांचा?

लांबच्या प्रवासाची हौस निम्मी आपण जवळचं बिघडवल्यामुळे वाढली आहे, असं माझं मत आहे. घराजवळ बसायला सावली नाही म्हणून माणूस सावली विकत घ्यायला दोन हजार किलोमीटर जातो. ज्याला परवडतं तो जातो. ज्याला परवडत नाही त्याचं काय? उल्हासनगरच्या कारखान्यात जीन्स शिवणारा कामगार, एपीएमसीतला हमाल, घरकाम करणाऱ्या बायका, यांच्या पोरांची सुट्टी आपल्या चर्चेत कुठे येते? त्यांना लांबचं आणि जवळचं यांतून निवड करायची नसते. त्यांना जे काही आहे ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. म्हणजे कल्याणचा काळा तलाव, दुर्गाडीची जत्रा, आणि फार तर पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हशाची यात्रा. म्हशाला बैल असतात, घोंगड्या असतात, हातोली नावाची मिठाई असते, पाळणे असतात. पोरं वर्षभर त्याची वाट बघतात. साधी सुट्टी वाचवायची तर ती आधी त्यांच्यासाठी वाचवायची.

म्हणून उपदेश पुरे. कामाचं बोलतो. इथून हाकेच्या अंतरावर एसटीचं आगार आहे. गणपतीला तिथून कोकणच्या जादा गाड्या सुटतात, रात्रभर स्टँड जागा असतो, म्हणजे जादा गाड्या सोडणं अशक्य नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि पावसाळ्याच्या रविवारी इथून म्हसा, माळशेज, वज्रेश्वरी अशा तीन दिशांना सकाळी एकेक गाडी सोडावी आणि संध्याकाळी तीच परत आणावी. परतीची वेळ पाटीवर लिहावी आणि पाळावी. अंबरनाथच्या देवळाजवळ पिण्याचं पाणी, सावली आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालयं असावीत. वालधुनीत रात्रीचे टँकर रिकामे करणाऱ्यांवर गुन्हे नोंदले जावेत. चार मागण्या आहेत. खर्च फार नाही. पाठपुरावा फार आहे.

या मागण्यांचं निवेदन मी लिहून आणलंय. सभेच्या अध्यक्षांनी परवानगी दिली आहे, त्यांची सही वर आहे. कागद बाहेर चपलांच्या स्टँडशेजारी टेबलावर ठेवलाय, म्हणजे नजरेआड करून जाता येणार नाही. ज्यांची सिमल्याची टूर आहे त्यांनी जाण्याआधी सही करावी. आठ बाराची गेली असेल तर पुढची वीस मिनिटांनी आहे. पेन मी आणलंय, एकच आहे, तेवढं परत टेबलावर ठेवा.